पाच साड्यांची गोधडी आणि पावसातल्या वाटा: इसाक्वाच्या नोंदी

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

साहित्य जमलं. आईच्या तीन सुती सहावारी, सासूबाईंची एक सुती इरकल, आजीचं एक नऊवारी लुगडं (मधोमध विरलेलं, काठ अजून शाबूत), माझे कॉलरी झिजलेले शर्ट, लेकीचे लहानपणीचे फ्रॉक आणि कपाटात पडून असलेले गुळेदगुड्डचे दोन खण. सगळ्या साड्यांचे फॉल उसवले. जरीची एक किनार कापून टाकली, अंगाला टोचते. ओला पांढरा रुमाल प्रत्येक कापडावर दाबून रंग जातो का ते पाहिलं. इरकल सोडून बाकी सगळ्यांचा जायचा तेवढा रंग वीस वर्षांपूर्वीच गेलेला आहे.

हिशेब असा. सहावारी साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत पन्हा. मधून कापून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी जोडले की पावणेतीन मीटर बाय सव्वादोन-अडीच मीटरचा एक थर होतो. विरलेला भाग टाळून २३० बाय १९० सेंटीमीटर सहज निघतं. खाली इरकल, मध्ये आईच्या तीन साड्या, वर लुगड्याच्या आणि शर्टांच्या तुकड्यांची जोडणी. एकूण पाच थर. विकतचा कापूस नाही, पॉलिस्टरचा थर नाही. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, क्विल्टमध्ये वरचं कापड, मधली फुगीर भरण आणि खालचं कापड अशी तीन पदरांची रचना असते. आपल्याकडे ऊब येते ती कापडावर कापड चढवूनच, आणि मला तीच हवी आहे.

हे झालं घरातलं काम. बाहेरचं काम असं की मार्चपर्यंत शनिवार-रविवारातला एक दिवस डोंगरात, पाऊस असला तरी. सिएटलच्या आसपास (आमचं इसाक्वा त्याच्या पूर्वेला) नोव्हेंबरात ‘हवा सुधारली की जाऊ’ म्हणणारा माणूस सोफ्यावरच म्हातारा होतो. तसा पाऊस काही फार नाही. सिएटलला वर्षाकाठी साधारण ९५० मिलीमीटर, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण मुंबईचा पाऊस येतो, बदडतो आणि जातो. हा नुसता भुरभुरत राहतो, आणि जोडीला चार-पाच अंश तापमान. हिवाळ्यासाठी आजपासून घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे पावणेपाचलाच सूर्य मावळणार. संध्याकाळी शिवायला भरपूर वेळ.

शनिवार, ९ नोव्हेंबर

टायगर माउंटन. चिरिको वाटेने पू पू पॉइंट. नाव वाचून लेक अजून हसते. लाकूडतोडीच्या काळात कामगारांना इशारा देण्यासाठी वाफेच्या शिट्ट्या वाजायच्या, त्यांच्या आवाजावरून हे नाव पडलं. जाऊन-येऊन साधारण सहा किलोमीटर, चढ पाचशे मीटरच्या वर. उन्हाळ्यात इथून पॅराग्लायडर उड्या घेतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. आज वाहनतळ अर्धा रिकामा होता.

कपड्यांची पद्धत पक्की करून ठेवतो, दरवेळी वाद नको. अंगालगत मेरिनो लोकर, त्यावर पातळ फ्लीस, सगळ्यांत वर पावसाचं जाकीट. सुती काही नाही, मोजेसुद्धा नाहीत. सुती कपडा पाणी पितो, धाग्यांमधली हवा जाते आणि तो अंगाला चिकटून बसतो. मग ते पाणी वाळवायची उष्णता आपल्या अंगातूनच जाते. लोकर ओली झाली तरी तिचा कुरळेपणा टिकतो, थोडी हवा धरून ठेवते. उणे दहातल्या कोरड्या बर्फापेक्षा पाच अंशातला पाऊस जास्त घातक, असं इथले जुने डोंगरभटके सांगतात आणि ते खरं आहे. गंमत एवढीच की दिवसभर ज्या सुतापासून लांब राहायचं, त्याच्याच पाच थरांत रात्री बसायचं.

जंगल या दिवसांत जास्त चांगलं दिसतं, असं माझं मत. डग्लस फर, हेमलॉक, रेड सीडर यांची झाडी बारमाही हिरवी, पण खरा रंग शेवाळाचा. मोठ्या पानांच्या मेपलची पानं झडलेली, फांद्या मात्र शेवाळाने पोपटी, आणि त्या शेवाळातच उगवलेले नेचे. जमिनीवर तलवारीसारख्या पात्यांचे नेचे कमरेएवढे. उन्हाळ्यात हे सगळं धुळकट असतं. वर पोचलो तेव्हा समोर ढग होता. दरी नाही, इसाक्वा नाही, काही नाही. थर्मासमधला चहा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दहा मिनिटांत परत. पावसात वर बसून राहायचं नसतं.

रात्री मशीनवर साड्यांचे अर्धे तुकडे जोडले. नियम: जोडणी मशीनवर चालेल, टाके मात्र सगळे हाताचे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

जेवणाचं टेबल सरकवून थर अंथरले. इरकल उलटी, तिच्यावर एकेक साडी, प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्याने सारखा करत. सुरकुती आत राहिली की ती जन्मभर राहते. मग मधून चार दिशांना कच्चे टाके, वीतभर अंतराने.

आईला व्हिडिओवर दाखवलं. ती खटावची. तिच्याकडे गोधड्या उन्हाळ्यात शिवायच्या. सुगी संपलेली, रानात काम नाही, बायका दुपारी पडवीत जमायच्या. चौघी चार बाजूंना बसल्या की आठवड्यात एक वाकळ हातावेगळी. तिने फोन हलवून हलवून सगळं पाहिलं.

“कडंनं सुरू कर, मधून नको. घेर घालत आत यायचं.”

“इथे सगळे मधून सुरू करतात, आई. कापड कडेला सरकतं म्हणून.”

“त्यांचं त्यांना. तू कच्चा दोरा घातलाईस ना? मग कशाला सरकंल. आन् टाका ओढू नको. दोरा कापडाच्या अंगावर निजला पायजे. ओढलास की चुण्या पडत्यात.”

थोड्या वेळाने: “तुझ्या बापानं जल्मात शर्टाला बटण लावलं न्हाई, आन् तू गोधडी घेऊन बसलाईस.” नंतर शेजारणीला बोलावून तिलाही दाखवलं.

तर कडेपासून आत, धावदोरा. दोन ओळींत अडीच सेंटीमीटर, म्हणजे दीड बोट. पहिला घेर आठ मीटर चाळीस सेंटीमीटरचा. क्षेत्रफळाला अंतराने भागलं तर सगळ्या ओळींची लांबी सुमारे पावणेदोनशे मीटर येते. सेंटीमीटरला दोन टाके धरले तर पस्तीस हजार टाके. आकडा बायकोला सांगितला नाही.

दोरा आठ नंबरचा पर्ल कॉटन, दहा ग्रॅमच्या गुंडीत ऐंशीएक मीटर. हातभरापेक्षा लांब ओवायचा नाही, नाहीतर पाच थरांतून जाता-येता पिंजतो. मेणावरून एकदा ओढून घेतला की गाठी कमी. सुई लांब आणि जाडसर, पण दाभण नको. मधल्या बोटात अंगुस्तान. सुईवर एका वेळी तीन-चार टाके भरायचे आणि मग एकदम ओढायची. गाठ थरांच्या आत लपवायची.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

मंगळवारी रात्री वादळ. किनाऱ्यापासून दूर समुद्रात हवेचा दाब इतक्या वेगाने उतरला की हवामानखात्याच्या भाषेत ते ‘बॉम्ब सायक्लोन’ ठरलं. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा आणि झाडांची मुळं त्याच्याशी झुंजत वाढलेली. हा वारा पूर्वेकडून, कॅस्केड पर्वतांच्या खिंडींतून उतरला. बेलव्ह्यू, इसाक्वा, समामिश या पट्ट्यात शंभर-शंभर फुटी फर घरांवर, तारांवर, रस्त्यांवर आडवे झाले. दोन माणसं गेली. सगळ्या परिसरात मिळून सुमारे सहा लाख ग्राहकांची वीज गेली. आमची अजून आलेली नाही.

घरात चौदा अंश. मशीन बंद, इंटरनेट बंद, शाळा बंद. डोक्याला लावायचा दिवा बॅगेतच होता. सिएटलच्या ‘द माउंटेनियर्स’ या १९०६ सालच्या संस्थेने १९३०च्या दशकात डोंगरात न्यायच्या दहा आवश्यक वस्तूंची यादी केली, तिच्यात नकाशा, होकायंत्र, जास्तीचे कपडे, काड्यापेटी यांच्या जोडीला दिवाही आहे. तोच दिवा लावून दोन संध्याकाळी शिवलं. त्याचा फायदा असा कळला की उजेड बरोबर टाक्यावर पडतो आणि बाजूचं काही दिसत नाही. छताच्या दिव्यात सुईची सावली हातावर येते, इथे तो त्रास नाही. वीज आली तरी असंच शिवणार.

शिवताना अर्धवट गोधडी मांडीवर आणि पायांवर पसरलेलीच असते. वाढेल तशी ती शिवणाऱ्यालाच ऊब देते. ही सोय खटावच्या उन्हाळ्यात नक्कीच कुणाला नको असणार. लेक एका कोपऱ्यात शिरून गोष्टीचं पुस्तक वाचत होती, तिच्याभोवतीने घेर घातला.

जवळच्या बऱ्याच वाटा झाडं पडून बंद आहेत. या आठवड्यात डोंगर नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

रॅटलस्नेक लेज. पाऊस आणि वारा. चार मैल, साडेतीनशे मीटर चढ, उन्हाळ्यात इथे जत्रा. आज वाटेवर भेटलेले सगळे ओले आणि खुशीत होते. कड्यावरचा खडक निसरडा, शेवटची पन्नास पावलं आम्ही गेलोच नाही. समोर पांढरं शून्य असताना कड्याच्या टोकावर उभं राहून काय मिळणार?

खालच्या तळ्याबद्दल लिहायलाच हवं. तिथे मॉंक्टन नावाचं गाव होतं, रेल्वेच्या आणि धरणाच्या कामावरच्या लोकांचं. सिएटलने वर सीडर नदीवर दगडी धरण बांधलं. धरणाची भिंत टिकली, पण जलाशयाची एक बाजू हिमनदीने सोडलेल्या वाळू-गोट्यांची होती. पाणी तिच्यातून झिरपून १९१५च्या वसंतात गावाच्या जमिनीतूनच वर येऊ लागलं. लोंढा नाही, आरडाओरडा नाही. रोज थोडं थोडं, अंगणात, मग ओसरीत, मग खिडकीपर्यंत. लोकांना सामान हलवायला वेळ मिळाला, गाव मात्र गेलं. कोयनेच्या शिवसागराखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी साताऱ्यात ऐकतच वाढलो. तिथे निदान पाणी येणार हे आधी माहीत होतं. इथे जमिनीनेच फितुरी केली. तळ्याचं पाणी उतरतं तेव्हा जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडतात, आज मात्र ते सगळे पाण्याखाली होते.

घरी आल्यावर जाकिटं धुतली. वरचा पाणी घसरवणारा थर मळला की कापड पाणी शोषायला लागतं आणि लोक म्हणतात जाकीट गळतं. साध्या डिटर्जंटने नाही, त्यासाठीच्या साबणाने धुवायचं, मग पाणीरोधक द्रव चढवून मंद आचेवर ड्रायरमध्ये. नवीन घेण्याआधी हे करून पाहावं.

शनिवार, २१ डिसेंबर

वर्षातला सर्वांत लहान दिवस. सूर्य आठच्या सुमारास उगवला आणि चार वीसला मावळला. उगवला हे पंचांगावरून. आज फक्त शिवण. घेर लहान होऊ लागलेत, एका संध्याकाळी दोन पुरे होतात. वरच्या बाजूला माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट आणि आजीच्या लुगड्याचा काठ शेजारी आलेत. ठरवून नाही, मापात बसले म्हणून. इथल्या क्विल्टच्या वर्गात रंगचक्र समोर ठेवून आखणी करायला शिकवतात. मी केलेला आहे तो वर्ग. पाव इंचाच्या शिलाईचा काटेकोरपणा, गोल पात्याचा कटर, कोपऱ्याला कोपरा जुळवणं, सगळं उपयोगी आहे. पण तिथे आधी नवं, सुंदर कापड विकत आणतात, मग त्याचे तुकडे करतात आणि मग ते पुन्हा जोडतात. या खर्चिक उद्योगात माझं मन रमलं नाही.

शनिवार, २८ डिसेंबर

बायकोचा प्रस्ताव: डोंगर नको, उत्तरेला स्कॅजिटच्या सपाटीवर जाऊ. गेलो. पेरणीआधीची काळी शेतं, साचलेलं पाणी आणि त्यात हजारोंनी बर्फहंस आणि ट्रम्पेटर राजहंस. बर्फहंस रशियाच्या रँगल बेटावरून हिवाळा काढायला येतात. गाडीतून उतरलो तेव्हा आधी आवाज आला, मग आख्खं शेत उठलं. बांधावरून दोन तास चाललो. चढ शून्य, चिखल भरपूर.

मग ला कॉनर. तिथे १८९१ साली बांधलेल्या गेचेस हवेलीत पॅसिफिक नॉर्थवेस्ट क्विल्ट अँड फायबर आर्ट्स म्युझियम आहे. जुन्या लाकडी जिन्याच्या घरात क्विल्ट भिंतीवर टांगलेल्या, हात लावायचा नाही. मी प्रत्येकीची उलटी बाजू पाहण्याचा प्रयत्न करत होतो. टाके तिथे कळतात. लॉग केबिन नावाचा जुना नमुना जवळून पाहिला: मध्ये बहुधा लाल चौकोन, तो चुलीचा, आणि त्याभोवती ओंडके रचावेत तशा पट्ट्या.

मला मात्र सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या अलाबामातल्या जीज बेंडच्या क्विल्ट, ज्या मी फक्त छापील चित्रांत पाहिल्यात. त्या शिवणाऱ्या गुलामीतून सुटलेल्यांच्या वंशातल्या कृष्णवर्णीय बायका. घरातले झिजलेले कामाचे कपडे, डेनिमच्या विजारी, गुडघ्याशी विटलेल्या, खिसा उसवला तिथे गडद रंग राहिलेला, ते सगळं तसंच जोडलेलं. २००२ साली त्या क्विल्ट ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. थंडी होती आणि कापड होतं, एवढ्यातून ते सुरू झालं. आईला ती चित्रं पाठवली होती. तिचं उत्तर: “आपलीच हाईत की.”

येताना पाऊस पुन्हा जोरात. ला कॉनरकडे तो जरा कमी होता, कारण ऑलिम्पिक पर्वतांची पर्जन्यछाया. समुद्राकडच्या बाजूला ‘हो’ नावाच्या नदीच्या जंगलात वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटर, आणि त्याच पर्वताच्या मागे सेक्विम गावात जेमतेम चारशे. महाबळेश्वराला साडेपाच हजारांच्या वर आणि म्हसवडला कसाबसा पाचशे, हे पाहत वाढलेल्याला नवल वाटायचं कारण नाही. ढग तेच करतात, पर्वत कुणाचेही असोत.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. पाऊस गायब. सकाळी धुकं, दुपारी ऊन, रात्री दहिवर. पावसाच्या वाटा म्हणून निवडलेल्या ठिकाणी आता कोरड्या पायवाटा आणि माणसंच माणसं. सुट्टी घेऊन कूगर माउंटनवर फिरलो. हा कोळशाचा डोंगर. १८६०च्या दशकापासून शंभरेक वर्षं इथे खाणी चालल्या, अजून वाटेवर जमीन खचल्याचे खड्डे आणि कुंपणं दिसतात. तिळगूळ खिशात मऊ झाला.

गोधडी दोन आठवडे अंथरलीच नाही. ऊन पडलं की शिवायला बसवत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आठवड्याच्या सुरुवातीला बर्फ, खाली शहरातसुद्धा. ट्विन फॉल्सला गेलो, बुटांना काटेरी साखळ्या लावून. स्नोक्वाल्मी नदीचा दक्षिण फाटा, वाटेत तोडीतून वाचलेले काही अजस्र फर, आणि धबधब्याच्या तुषारांनी कठड्यावर बर्फाची साल. शून्याच्या आसपासची वाट पावसाच्या वाटेपेक्षा सोपी. पाणी अंगात शिरत नाही.

कोपऱ्यांचा प्रश्न सोडवला. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक त्यांच्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लावतात, त्यांच्याशिवाय कवंदी उघडी समजली जाते. तीही कडेपासून आत शिवतात, आईसारखीच. मी खणाच्या कापडाचे चौकोन दोनदा दुमडून चार फुलं लावली. कडेला गोट लुगड्याच्या काठाचा. काठ मुळातच घट्ट विणीचा, कडेची झीज तोच सोसेल.

मधला शेवटचा चौकोन उरला आहे, दोन वितींचा.

रविवार, २३ फेब्रुवारी

काल वॉलेस फॉल्स. धो धो पाऊस, सगळ्या हिवाळ्यातला सर्वांत जोरदार. वाट सुरू होते ती उच्च दाबाच्या तारांखालून, आणि ओल्या हवेत त्या तारा तडतडतात. लेकीने कान झाकून तो भाग पळत पार केला. पुढे नदी तपकिरी, फेसाळ. २६५ फुटांचा मधला धबधबा इतका भरलेला की समोरच्या कठड्यावर आम्ही पावसाने भिजतोय की धबधब्याने, कळेना. उन्हाळ्यात पाहिलेली पांढरी रेघ ती हीच, यावर बायकोचा विश्वास बसला नाही.

आज शेवटची ओळ संपवली, कच्चे टाके उसवले. मग धुणं, कारण गोधडी धुतल्याशिवाय गोधडी होत नाही. दोरा थोडा आटतो, कापड टाक्यांमध्ये फुगतं आणि ते बारीक खाचखळगे येतात. खटावात ती ओढ्यावर नेऊन दगडावर पसरायची, उन्हात संध्याकाळपर्यंत कडक. इथे फेब्रुवारीत पाच थरांचं सूत दोरीवर टाकलं तर पाडव्यापर्यंत वाळायचं नाही. थंड पाण्यात टबमध्ये तुडवून काढली. कोरडी पावणेदोन किलो, ओली दोघांनी उचलावी लागली. पुढे धुलाईकेंद्रातला मोठा ड्रायर, मंद आचेवर, मध्ये दोनदा काढून झटकून. दोन्ही बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर आटली. धरूनच चाललो होतो.

शनिवार, १ मार्च

आईने व्हिडिओवर तपासणी केली. आधी उलटी बाजू दाखवायला सांगितली. टाके बरे आहेत, ओळी एका ठिकाणी वाकड्या आहेत (लेक बसली होती ती जागा), फुलं कशाला लावली, आपल्यात नसतात, पण दिसतात छान. मग विचारलं, “कुणासाठी हाय?”

यावर घरात एकमत नाही. लेकीने ती आपल्या खोलीत नेली आहे आणि चर्चेला तयार नाही. बायकोचं म्हणणं, दुसरी शिवायला घे, साड्या तिच्या मावशीकडे पडून आहेत. एप्रिलमध्ये कुणी येणार असेल तर एक बॅग भरून मागवता येतील. तोवर उरलेल्या काठांचं आणि फ्रॉकांचं एक दुपटं होईल, तीन थरांचं. मित्राकडे मे महिन्यात बाळ येणार आहे. माप ९० बाय ९०, पुढच्या पावसाच्या संध्याकाळी कापायला घेतो.